वहीत अंश आहे, छेद कुठे आहे?

पत्र, थोडक्यात : सात मित्र दोन वर्षांपासून आठवड्यातून एकदा पोकर खेळतात, नो लिमिट होल्डेम : प्रत्येकाच्या हातात दोन झाकले पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे, आणि बेटीला वरची मर्यादा नाही. (बेट म्हणजे चिप्स, पैशांऐवजीच्या चकत्या, लावणं; कॉल म्हणजे समोरच्याइतक्याच लावून टिकणं; रेज म्हणजे त्याहून वाढवणं; ब्लफ म्हणजे चांगले पत्ते नसताना असल्यासारखी बेट लावणं.) पत्र लिहिणाऱ्याने सुरुवातीलाच ठरवलं, की कुठले पत्ते येणार हे आपल्या हातात नाही, पण माणसं ओळखणं आहे. त्याने वही केली. प्रत्येक मित्राला दोन पानं. ‘ब्लफ करताना हात थरथरतो.’ ‘चांगले पत्ते आले की बोलायचा थांबतो.’ ‘हा रेज करतो म्हणजे एक्क्यांची जोडी.’ नोंदी वाढत गेल्या तसं हरणंही वाढलं. गेले चार महिने तर सातांत सगळ्यात जास्त तोच हरतोय. मागच्या आठवड्यात वहीवर विसंबून त्याने मोठा कॉल केला आणि समोरून फुल हाउस (एका किमतीचे तीन पत्ते आणि दुसऱ्या किमतीचे दोन) निघालं. आणखी एक गोष्ट त्याने पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे. गटातल्या एका मित्राने त्याला एकट्याला सांगितलं, की सध्या पैशांची ओढाताण चालू आहे. तेव्हापासून तो मित्र धास्तावून खेळतो, मोठी बेट आली की पत्ते टाकतो, म्हणजे डाव सोडून देतो, आणि आपले पत्रलेखक त्याच्यावर हमखास ब्लफ लावतात. ‘वाचलेल्यांपैकी हा एकच माणूस मला फायदा देतोय. हे चूक आहे, की हाच खेळ आहे? आणि बाकीच्यांच्या बाबतीत माझं वाचन कुठे चुकतंय?’

उत्तर :

तुमची वही मला आवडली. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्यावर बरीच लाल शाई सांडणार आहे.

मागच्या आठवड्याचा डाव तुम्ही इतका बारकाईने लिहिलाय, की मीही टेबलाशी बसले होते असं वाटलं. तुमच्या हातात एक्का-गुलाम. फ्लॉपला, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत, गुलाम, अठ्ठी आणि चार. तुम्ही बेट लावली, त्याने कॉल केला. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, दुर्री. पुन्हा बेट, पुन्हा कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, दुसरी अठ्ठी आली तेव्हा पॉट, म्हणजे मधली रास, १२० चिप्सचा होता. तुम्ही ६० लावल्या आणि एरवी मुकाट कॉल करत राहणारे हे गृहस्थ एकदम २२० वर गेले. चिप्स पुढे सरकवताना त्यांची बोटं थरथरत होती. तुम्हाला वही आठवली. तुम्ही आणखी १६० टाकल्या आणि त्यांनी चारची जोडी उलगडून ठेवली. फ्लॉपपासूनच त्यांचे चारचे तीन पत्ते जमले होते. रिव्हरने फक्त फुल हाउस पुरं केलं.

थरथर म्हणजे भीती आणि भीती म्हणजे ब्लफ, असं तुम्ही धरून चालला होतात. पोकरच्या टेबलावर बरीच वर्षं काढलेली माणसं हे उलटं धरतात. मनासारखे पत्ते जमले की अंगात एक उसळी येते आणि ती दाबली तरी बोटांत उतरते. ब्लफ करणारा बहुधा आखडतो. श्वास धरतो, हालचाल कमी करतो, आपल्याकडे कुणाचं लक्ष जाऊ नये असं बघतो. त्यामुळे एरवी शांत असणाऱ्याचा हात अचानक थरथरू लागला, की जाणते खेळाडू चांगले पत्तेसुद्धा टाकून मोकळे होतात.

पण म्हणून जुनी ओळ खोडून ‘थरथर म्हणजे चांगले पत्ते’ अशी नवी ओळ लिहू नका. तीही तितकीच अर्धवट ठरेल. त्या ओळीपुढे तुम्ही ‘३ वेळा पाहिलं’ असं लिहिलंय. तीन कितीपैकी? तो ब्लफ करत होता आणि हात थरथरला, असं तीन वेळा झालं, हे मान्य. ब्लफ करत होता आणि हात स्थिर होता, असं किती वेळा झालं? हात थरथरला आणि खरोखरच पत्ते निघाले, असं किती वेळा? वहीभर अंश आहेत, छेद एकाही ओळीला नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की ती आपल्या लक्षात राहते. कावळा बसून उडून गेला आणि फांदी जागच्या जागी राहिली, हे कोण लिहून ठेवतो?

यात दोष सगळा तुमचा नाही, खेळाची रचनाच तशी आहे. पत्ते उघडतात ते शेवटपर्यंत कुणीतरी कॉल केला तरच. ब्लफ साधला तर सगळे पत्ते टाकतात, तो माणूस पॉट ओढून घेतो, आणि त्याच्या हातात काय होतं हे कुणालाच कळत नाही. म्हणजे दोन वर्षांत तुम्ही पाहिलेले ब्लफ जवळपास सगळे फसलेले ब्लफ आहेत. साधलेले ब्लफ कसे दिसतात, हे त्या वहीत येणारच नाही. अधूनमधून कुणी जिंकल्यावर हौसेने पत्ते उघडून दाखवतो. ते त्याला दाखवायचे असतात म्हणून दाखवतो. ती जाहिरात समजायची.

मीही यातून गेले आहे. आमच्यातला एक जण बेट लावताना चष्मा पुसायचा आणि मी जवळजवळ वर्षभर त्याला ब्लफ समजून कॉल करत राहिले. शेवटी कळलं, खोलीत उकडायला लागलं की त्याच्या काचा धुरकटायच्या.

आता समजा सवय खरी आहे. हात खरोखरच ब्लफ करताना जास्त थरथरतो. तरी काय होतं ते बघा. आकडे मी मनाचे घेते, हिशोब खरा करते. एक जरा उचापती खेळाडू घ्या. रिव्हरला तो १०० वेळा मोठी उडी घेतो, त्यात २५ वेळा ब्लफ असतो आणि ७५ वेळा पत्ते असतात. ब्लफ असताना हात दहातून सहा वेळा थरथरतो, पत्ते असताना दहातून चार वेळा. हात थरथरलेला दिसला, तर त्यातले ब्लफ १५ आणि खरे ३०. पंचेचाळिसांत पंधरा, म्हणजे तीनातून एकदा ब्लफ. थरथर दिसण्याआधी तो चारातून एकदा होता. इतकी ठळक सवय सापडून हाती काय लागलं, तर २५ टक्क्यांचे ३३ झाले.

दुसरा माणूस तुमच्या मित्रासारखा. तो १०० वेळा असं करेल त्यात पाचदा ब्लफ असेल, ९५ वेळा पत्ते असतील. थरथरण्याची सवय तंतोतंत पहिल्यासारखीच. हात थरथरलेले ब्लफ ३, हात थरथरलेले खरे ३८. एक्केचाळिसांत तीन. जेमतेम सात टक्के.

तुम्हाला किती हवे होते? पॉटमध्ये आधीच्या १२०, तुमच्या ६० आणि त्याच्या २२० मिळून ४०० चिप्स होत्या. तुम्ही १६० टाकून एकूण ५६० वर दावा सांगत होतात. सातातून दोनदा जिंकलात तर हा कॉल बरोबरीत सुटतो, म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टक्के. उचापती माणसासमोर वहीतल्या त्या ओळीने निर्णय खरंच फिरवला असता: थरथर नसती तर पत्ते टाका, थरथर दिसली तर कॉल करा. तुमच्या मित्रासमोर तीच ओळ पाचाचे सात करते आणि हवे असतात अठ्ठावीसच्या वर. तो थरथरला काय आणि गायला लागला काय, पत्ते टाकायचेच होते.

मला सगळ्यात जास्त हळहळ कशाची वाटली सांगू? त्याच पानावर, चार ओळी खाली, तुमच्याच अक्षरात लिहिलेलं तुम्ही मला कळवलंय: ‘फार कॉल करतो. रेज जवळपास कधीच नाही.’ अख्ख्या वहीतली ही सगळ्यात मोलाची ओळ आहे आणि नेमकी तीच तुम्ही वापरली नाहीत. जो माणूस दोन वर्षं नुसता कॉल करत आलाय त्याने रिव्हरला रेज केली, तर त्याच्या बोटांकडे बघायची गरजच उरत नाही.

तेव्हा माझं पहिलं मागणं हे, की वहीचा विषय बदला. चेहरे आणि बोटं मागच्या पानांवर जाऊ देत. पुढच्या पानांवर चिप्स येऊ देत: कोण किती डावांत उतरतो, उतरल्यावर कॉल करून उतरतो की रेज करून, बेटीला किती वेळा पत्ते टाकतो, रिव्हरपर्यंत किती वेळा जातो. हे सगळं न उघडलेल्या डावांतही दिसतं, म्हणून इथे छेद आपोआप मिळतो. चेहऱ्याबद्दल एक गंमत सांगते. २०१३ साली एका मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासात लोकांना व्यावसायिक खेळाडू बेट लावतानाच्या चित्रफितींचे तुकडे दाखवले होते. काहींना फक्त चेहरा दिसत होता, काहींना फक्त चिप्स सरकवणारे हात. चेहरा बघणाऱ्यांना समोरच्याच्या पत्त्यांचा अंदाज काही आला नाही. हात बघणाऱ्यांना थोडाफार आला. चेहऱ्यावर पहारा बसवायला आपण लहानपणापासून शिकलेलो असतो, हातांचं तसं नसतं.

बेटीचा आकार तर त्याहून बोलका. प्रत्येकाची आपली एक रीत असते आणि ती स्वतःच्या लक्षात आलेली नसते. कुणी समोरच्याच्या फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) किंवा स्ट्रेटच्या (ओळीने पाच पत्ते) भीतीने मधल्या ताकदीच्या पत्त्यांवर मोठी बेट लावतो आणि खरोखर जबरदस्त पत्ते आले की गिऱ्हाईक पळू नये म्हणून हळूच छोटी. कुणाचं बरोबर उलटं. सगळ्यांना लागू पडेल असा नियम मी देणार नाही, पण एका माणसाची रीत एकदा पकडलीत तर ती महिनोन्महिने टिकते. वेळही बघा. बेट लागताक्षणी केलेला कॉल बहुधा मधल्या पत्त्यांचा किंवा अजून जमायच्या फ्लश-स्ट्रेटचा असतो. भारी पत्ते असणारा रेज करू का म्हणून क्षणभर थांबतो आणि हलके असणारा टाकू का म्हणून.

आता वाचनाचं बेटीत रूपांतर. इथे तुमची गाडी फारच अडलेली दिसते. त्याच कॉल करणाऱ्या मित्राबद्दल तुमची तक्रार आहे, की त्याच्यावर केलेले दोन्ही ब्लफ वाया गेले, ‘त्याला कळतच नाही पत्ते कधी टाकायचे’. अहो, याहून स्वच्छ वाचन काय हवं! ज्याला पत्ते टाकता येत नाहीत त्याच्यावर ब्लफ करायचाच नसतो. त्याच्याकडून चिप्स घ्यायची वाट वेगळी: तुमच्याकडे खरोखर चांगले पत्ते असतील तेव्हा बेट लावा, नेहमीपेक्षा मोठी लावा, आणि एरवी जिथे चेक करून (बेट न लावता) थांबला असता तिथेही लावा, कारण तो तुमच्याहून हलक्या जोडीवर कॉल करणार आहे. त्या डावातल्या तुमच्या तिन्ही बेट बरोबर होत्या, बरं का. चूक फक्त शेवटच्या कॉलची.

जो भराभर पत्ते टाकतो त्याच्यासमोर गणित फिरतं. पॉट ६० चा असताना ३० चा ब्लफ लावलात, तर तो तीनातून एकदा साधला तरी बरोबरी होते. समोरचा निम्म्या वेळा टाकत असेल, तर तुमचे पत्ते काय आहेत हे बघायचीही गरज नाही. पण त्याने एकदा कॉल केला की तिथेच थांबा. टाकणारा माणूस थांबलाय, म्हणजे त्याच्याकडे काहीतरी आहे. आणि जो सतत बेट लावत सुटतो, त्याच्याशी रेज-रेज खेळून शौर्य गाजवू नका. मधले पत्ते घेऊन चेक करा, त्याला बेट लावू द्या, कॉल करा. दोरी त्याच्याच हातात असू दे.

‘हा रेज करतो म्हणजे एक्क्यांची जोडी’ या ओळीबद्दल थोडं वेगळं बोलायचंय, कारण तिच्यात एक गैरसमज लपलाय आणि तो पुष्कळ जणांचा असतो. वाचन म्हणजे समोरच्याचे नेमके दोन पत्ते ओळखणं, असं आपल्याला वाटतं. कुणीतरी टेबलापलीकडे रोखून बघतं आणि ‘तुझ्याकडे राजा-राणी आहे’ म्हणतं, हे ऐकायला झकास. प्रत्यक्षात काय काय असू शकतं याची एक यादी असते आणि प्रत्येक बेटीबरोबर ती आखूड करत न्यायची असते. सुरुवातीचे दोन पत्ते एकूण १,३२६ प्रकारे येऊ शकतात. तुमचा हा जपून खेळणारा मित्र एक्के, राजे, राण्या यांच्या जोड्यांवर आणि एक्का-राजावरच रेज करतो असं धरू. कुठलीही एक जोडी ६ प्रकारे बनते, म्हणून तीन जोड्या मिळून १८. एक्का-राजा मात्र १६ प्रकारे बनतो, कारण चारांतला कुठलाही एक्का चारांतल्या कुठल्याही राजाशी जमतो. एकूण ३४. त्यात एक्क्यांची जोडी फक्त ६, म्हणजे सहातून एकदाच्या जरा वर, आणि जवळपास निम्म्या वेळा त्याच्याकडे जोडीच नसते. फ्लॉपला दहाच्या आतले बारके पत्ते आले, की निम्म्या वेळा तो मोकळ्या हाताने बसलेला असतो. तुम्ही मात्र त्याच्यासमोर दर वेळी एक्के बघून मागे सरता. एवढ्या जपून खेळणाऱ्याला मान द्यायलाच हवा, पण सहापट मान कशाला?

हे सगळं टिपायचं कधी? तुम्ही लिहिलंय की पत्ते टाकले की तुम्ही बाजूला जाऊन नोंद करून येता. टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात, चार तास बसलात तर १०० च्या आसपास. शहाणा खेळाडू त्यातल्या वीस-पंचवीस डावांत उतरतो. उरलेले पंचाहत्तर डाव म्हणजे तुमची खरी शाळा, कारण तुमच्या चिप्स धोक्यात नसतात आणि डोकं थंड असतं. नेमक्या त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर असता! छेद तिथेच सांडतोय. वही घरी ठेवा. खेळ संपल्यावर पंधरा मिनिटं लिहा. टेबलावर एकच काम करा: ज्या डावात तुम्ही नाही, त्यात शेवटची बेट लागली की पत्ते उघडायच्या आत मनात ठरवून टाका. पत्ते आहेत की ब्लफ? साधारण काय? मग बघा. आधी ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. पत्ते उघडल्यावर ‘मला वाटलंच होतं’ असं सगळ्यांनाच वाटतं. एका संध्याकाळी फक्त दोघांकडेच लक्ष द्या, सहा जणांकडे एकदम नको. आणि फ्लॉप उघडतो तेव्हा फ्लॉपकडे बघू नका, तो कुठे पळून जात नाही. त्या दोघांच्या डोळ्यांकडे बघा. पत्ते आवडले की बऱ्याच जणांची नजर एक क्षण स्वतःच्या चिप्सकडे जाते. ही खूण माझ्या अनुभवात बऱ्यापैकी टिकलेली आहे, पण तीही तुमच्या माणसांवर मोजून घ्या, माझ्या शब्दावर नको.

कोण कुठे बसलं होतं तेही लिहा. सगळ्यांच्या आधी बोलायचं असताना केलेली रेज आणि बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांच्या शेवटी बोलायच्या जागी, बसून, बाकीचे पत्ते टाकून बसलेले असताना केलेली रेज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या वहीत त्या एकाच ओळीत कोंबल्या आहेत.

एक पान मात्र वहीत मुळातच नाही. तुमचं स्वतःचं. बाकीचे सहा जणही दोन वर्षं तुमच्यासमोर बसलेत. त्यांना वही लागत नसेल, पण डोळे आहेत. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्याच्या नादात आपलं मुसळ राहून जातं. २०१७च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये लिब्रेटस नावाच्या संगणक प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंशी एकास एक असे वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळले आणि चौघांनाही हरवलं. तिला चेहरा दिसत नव्हता, हात दिसत नव्हते. ते चौघं संध्याकाळी एकत्र बसून तिच्या खेळातल्या खोडी शोधायचे. आणि ती रात्री काय करायची? चौघं कुठल्या आकाराच्या बेट लावून तिच्या खेळात फट शोधतायत ते बघायची आणि त्या फटी बुजवायची. त्यांच्या खोडींवर डाव उलटवण्याचा खटाटोप तिने केला नाही, त्यांच्या बेटींवरून स्वतःची भोकं शोधली. हे तुम्हालाही जमण्यासारखं आहे. टेबलावर लोक तुमच्याशी काय करतात ते लिहा. तुम्ही रिव्हरला बेट लावलीत की सगळे भराभर पत्ते टाकतात का? मग तुम्ही ब्लफ करत नाही हे त्यांना कळलंय. तुमच्यावर मोठ्या रेज येतात त्या बहुतेक खऱ्याच निघतात का? मग तुम्ही काही टाकत नाही हे त्यांना कळलंय. ‘संशय आला की कॉल’ ही सवय असलेला माणूस इतरांच्या वहीत फार आवडता असतो. गेल्या चार महिन्यांचं उत्तर बहुधा याच पानावर सापडेल.

हरत असताना वाचन आणखी बिघडतं, हेही त्याच पानावर लिहा. गेलेल्या चिप्स परत मिळवायच्या असल्या की जिथे तिथे ब्लफ दिसायला लागतो, कारण तो दिसावा अशी आपली गरज असते. बसण्याआधी रक्कम ठरवा, ती गेली की त्या दिवसापुरते उठा.

आता तुमचा तो मित्र.

तुम्ही लिहिलंत, की वाचलेल्यांपैकी तोच एक फायदा देतो. का देतो, याचा विचार केलात? त्याच्या बाबतीत तुम्ही चेहरा बघत नाही. मोठ्या बेटीला तो किती वेळा टाकतो हे बघता आणि त्याप्रमाणे आपली बेट बदलता. नकळत का होईना, अख्ख्या टेबलात फक्त त्याच्याशी तुम्ही नीट पोकर खेळता आहात. पद्धत बरोबर आहे आणि ती उरलेल्या पाचांवर वापरायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

पण ही माहिती तुम्हाला टेबलावर मिळालेली नाही. टेबलावर दिसतं ते सगळं वाचायचा हक्क प्रत्येकाला आहे, त्यात लबाडी काही नाही. हात थरथरला, बेट छोटी लागली, गडी घाईने बोलला: घ्या, वापरा. त्याने तुम्हाला बाजूला घेऊन जे सांगितलं, ते तो समोरचा खेळाडू म्हणून सांगत नव्हता. तुम्ही म्हणाल, त्याने सांगितलं नसतं तरी चार-सहा आठवड्यांत तो घाबरून टाकतोय हे मला दिसलंच असतं. दिसलं असतं. मग तेव्हा ते वाचन ठरलं असतं आणि टेबलावरच्या इतर कुणालाही ते तितकंच खुलं असतं. आज मात्र ते फक्त तुमच्याकडे आहे आणि त्याने ते विश्वासाने दिलंय. हे सांगायला मला नियमांचं पुस्तक उघडावं लागत नाही, तुम्हालाही लागलेलं नाही. नाहीतर ही गोष्ट पत्राच्या शेवटी ‘जाता जाता’ आली नसती.

त्याच्यावर ब्लफ बंद करा, एवढं सांगून मी थांबले तर तेही अर्धंच होईल. तुम्ही हात आखडता घेतलात तरी बाकी पाच जण आज ना उद्या त्याची भीती बघतीलच. चिप्स गमावायची धास्ती घेऊन बसलेला माणूस या खेळात हळूहळू झिजत जातो, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच भरायच्या सक्तीच्या चिप्स) भरत आणि पत्ते टाकत. त्याला ‘काही दिवस येऊ नकोस’ म्हणायचं तर तेही वाईट. कदाचित आठवड्यातली तीच एक संध्याकाळ त्याला बरी जात असेल. माझ्या मते सगळ्यांसाठीच रक्कम कमी करणं बरं. ब्लाइंड निम्मे करा, बसायची रक्कम निम्मी करा, काही महिने तरी. खेळ तोच राहील. वाचायची माणसंही तीच राहतील, आणि त्याची भीती कमी झाली की तुम्हाला त्याचं पान नव्याने लिहावं लागेल.

प्रस्ताव तुम्हीच मांडा. कारण विचारलं तर त्याचं नाव मध्ये आणू नका, त्याच्याकडे बघूही नका. सरळ सांगा, ‘मला जरा जड जातंय.’ कुणाला शंका येणार नाही. चार महिन्यांत सगळ्यात जास्त चिप्स कुणाच्या गेल्यात, हे त्या टेबलावर सगळ्यांना पाठ आहे.